आधी उसंत, मग आसन

बदलापूरहून सकाळची लोकल सुटते तेव्हाच निम्मी भरलेली असते. अंबरनाथ-विठ्ठलवाडीच्या बायका उलट दिशेने येऊन जागा धरून बसलेल्या असतात. त्यांत सातव्या महिन्यातलीही एखादी असते. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर स्त्रियांना मुभा आहे खरी, पण त्या गर्दीत चढायलाही बळ लागतंच. इकडे उल्हासनगरात जीन्सच्या धागा कटिंगचं काम घरी घेणारी बाई तासन् तास मांडी घालून, मान मोडून बसते. अशा बायकांना ‘जरा व्यायाम करत जा’ म्हणून सांगणं म्हणजे दमलेल्याला आणखी एक काम लावणं. त्यांना हवी आहे विसावा देणारी हालचाल. गरोदरपणातला योग तेवढ्यासाठीच करायचा.

एक सोपा प्रकार बघा. स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन्ही तळहात टेकवायचे, पावलं थोडी फाकवून हळूहळू मागे न्यायची आणि पाठ ओट्याच्या उंचीला सरळ येईपर्यंत वाकायचं. गुडघे किंचित सैल. चार-पाच श्वास झाले की पावलं पुढे आणत सावकाश उभं राहायचं, झटक्यात नाही. दिवसभर आखडलेली कंबर सुटते, खांदे उघडतात. पायाखाली गुळगुळीत फरशीवर सतरंजी मात्र नको, ती सरकते.

हा आधार घेण्याचा विचार पुण्याच्या गीता अय्यंगारांनी फार बारकाईने मांडला. खुर्ची, लोड, भिंत, दोर घेऊन गरोदर बाईला आसनात नुसतं ‘बसवायचं’ नाही, तर तिला तिथं बरं वाटलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. लोड नसला तर गादीची वळकटी चालते. वळकटीला पाठ टेकून, तळपाय जुळवून, गुडघ्यांखाली उशा देऊन बद्धकोनासनात बसलं की पोटावर दाब येत नाही. ताडासन भिंतीला पाठ लावून, वृक्षासन करायचंच तर खिडकीचे गज धरून. पोट पुढे आलं की तोल बदलतो, आणि रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे सांधेही सैलावतात. आसन एरवीपेक्षा सहज जमतंय असं वाटतं, तिथंच फसगत होते: ताण जास्त बसतो आणि दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं.

पाचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणं झोपू नये. गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो, घेरी येते. म्हणून शवासन डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. टीव्हीमुळे घरोघर पोचलेली कपालभाती या काळात बंद. भस्त्रिका, कुंभक, पोटावर झोपून करायची आसनं, पोटाला मोठा पीळ देणारे प्रकार, शीर्षासन-सर्वांगासनाचे नवे प्रयोगही नकोत. श्वास न रोखता अनुलोम-विलोम, भ्रामरी करावी. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी काहीच करू नये. आणि आसन करताना बोलता आलं नाही, धाप लागली, तर जास्त झालं समजावं.

फायदा होतो का? बंगळुरूमध्ये 335 गरोदर स्त्रियांवर झालेल्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योग करणाऱ्या गटात बाळांचं वजन बरं होतं, मुदतपूर्व प्रसूती कमी होत्या. अमेरिकेत 2015 मध्ये शेवटच्या तिमाहीतल्या 25 जणींकडून 26 आसनं करून घेतली, बाळांच्या ठोक्यांवर वाईट परिणाम दिसला नाही. आशादायक आहे, पण एवढ्यावरून ‘हमखास नॉर्मल डिलिव्हरी’ची हमी देणाऱ्या वर्गाला मी तरी पैसे देणार नाही. फरशी पुसली की सुटका लवकर होते, हे सासूबाईंचं म्हणणंही त्याच पंगतीतलं.

सगळ्यांना सगळं चालत नाही. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल, रक्तदाब वाढलेला किंवा रक्त फारच कमी असेल, तर आधी डॉक्टर. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी आरोग्य केंद्रांवर मोफत तपासणी होते. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, जिथं नाव घातलं असेल तिथं सरळ विचारावं: माझी वार कुठं आहे, मी वाकू का, बसू का? उत्तर कार्डावर लिहून घेऊन योगशिक्षिकेला दाखवावं. ते न बघता आसनं सुरू करणारी शिक्षिका बदलावी.

घरच्यांनीही एक ठरवावं: ती वीस मिनिटं दार लोटून बसेल तेव्हा कुकर कोण लावणार. आसनात असताना रक्त गेलं, पाणी गेलं, छातीत दुखलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकलं, किंवा नंतर बाळाची हालचाल मंदावली, तर ‘जरा पडते म्हणजे बरं वाटेल’ असं म्हणायचं नाही. 108 ला फोन लावायचा.