पांढऱ्या उंदराची साक्ष

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर मुंबईहून आलेला रस्ता दुभंगतो. एक घाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा कोंकणांत उतरतो. रसायनांचे टँकर ह्या नाक्यावरून रात्रंदिवस जात असतात. जवळच रसायनी येथें, १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ह्या सरकारी कंपनीच्या कारखान्यांत, बेन्झिनपासून नायट्रोबेन्झिन व त्यापासून अनिलिन तयार करीत असत. टँकरवर धोक्याची सूचना असते खरी. पण कोणतें रसायन किती घातक, हें ठरवितात कसें?

१९२७ सालीं ट्रेव्हन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें असें सुचविलें कीं, ज्या मात्रेनें प्रयोगांतील निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा विषाचें माप धरावी. एखादाच उंदीर दगावला तर तो मुळांत अशक्त असेल. पन्नासांपैकीं पंचवीस दगावले म्हणजे आंकड्यावर भरंवसा ठेवतां येतो. आंकडा जितका लहान, तितकें विष जहाल. विष वाफेच्या रूपांत असेल तर हवेंतील त्याचें प्रमाण मोजतात.

ह्या मापानें बेन्झिन आणि टोल्युइन हीं दोन भावंडें तोलून पाहावीं. दोहोंत कार्बनच्या सहा अणूंचें कडें आहे. टोल्युइनच्या कड्याला कार्बनचा एक जादा अणु जोडलेला असतो, एवढाच काय तो फरक. १९४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांना कांहीं तास ह्यांच्या वाफेंत ठेविलें. निम्मे उंदीर मरण्यास हवेच्या दहा लक्ष भागांत बेन्झिनचे सुमारें १०,००० भाग लागले; टोल्युइनचे सुमारें ५,३०० पुरले. म्हणजे बेन्झिन सौम्य ठरलें! कारखान्याच्या खरेदीखात्यास असा निकाल फार सोयीचा वाटेल.

परंतु कामगार एका दिवसांत मरत नाहीं; तो वर्षानुवर्षें थोडें थोडें हुंगत असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानें दोन दोन वर्षें प्रयोग चालविले, तेव्हां चित्र उलटलें. १९८६ च्या अहवालांत बेन्झिननें उंदरांच्या अनेक अवयवांत कर्करोग उत्पन्न केल्याचें दिसलें. १९९० च्या अहवालांत टोल्युइननें तसें केल्याचा पुरावा मिळाला नाहीं. कारण त्या जादा अणूंत आहे. यकृत टोल्युइनला तेथेंच पकडतें, त्याचें बेन्झोइक आम्ल करतें आणि तें हिप्प्युरिक आम्लाच्या रूपानें लघवीवाटें बाहेर टाकतें. बेन्झिनला अशी मूठ नाहीं. यकृताला कडेंच फोडावें लागतें, आणि त्यांतून निघालेलीं द्रव्यें हाडांतील मगजांत, जेथें रक्त तयार होतें तेथें, पोंचतात. मनुष्यांत ह्याचा परिणाम रक्तक्षय व रक्ताचा कर्करोग. टोल्युइनही निर्दोष नव्हे. त्याचा मारा मेंदूवर होतो.

येथें उंदरानें खरी साक्ष दिली, तीहि दीर्घ मुदतीनंतर. मेथॅनॉलच्या बाबतींत मात्र तो साफ फसवितो. मेथॅनॉलपासून शरीरांत फॉर्मिक आम्ल बनतें. उंदराच्या यकृतांत फोलेटचा सांठा भरपूर असल्यामुळें तें झपाट्यानें निकालांत निघतें. मनुष्याच्या शरीरांत तें सांचतें आणि डोळ्यांची नस जाळतें. ह्या विषाचा उलगडा होण्यास माकडेंच उपयोगी पडलीं. जून २०१५ मध्यें मुंबईंत मालाडच्या मालवणी वस्तींत मेथॅनॉलमिश्रित दारूनें शंभरावर माणसें मेलीं. अशी दारू पिणाऱ्यास पहिले कांहीं तास नशेखेरीज फारसें कांहीं जाणवत नाहीं. दृष्टि धूसर होते ती बहुधा दुसऱ्या दिवशीं.