फ्लूची मोठी साथ आली तर आपली तयारी काय?



फ्लू तर दर हिवाळ्यात येतो, मग वेगळी तयारी कशाला? कारण मोठ्या साथीचा विषाणू नवा असतो. आपल्या शरीराला त्याची ओळख नसते आणि नेहमीच्या लशीचा त्यावर भरवसा धरता येत नाही. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 11 जूनला साथ जाहीर केली, पण तिची लस हिवाळ्याच्या तोंडावर मिळू लागली. म्हणजे पहिले काही महिने लशीशिवाय काढायचे. तेव्हा आपली माणसेच उपयोगी पडतात.

यादी. लोद असो, दिमोना असो की अश्दोद, सिनेगॉगच्या मंडळींनी आत्ताच यादी करावी. एकटे कोण राहते, कोणाला हिब्रू वाचता येत नाही, कोणाची मुले लांब आहेत? प्रत्येक वृद्धामागे दोन माणसे नेमावीत. एकच नेमला आणि तोच आजारी पडला, तर औषध कोण आणणार?

कागद. आपले नाव, ओळख क्रमांक, कुपात होलिम, औषधे आणि मुलांचे फोन हिब्रूत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. नातवाला सांगा, तो लिहून देईल. रोजची औषधे संपत येईपर्यंत थांबू नका.

रीतिरिवाज. हातबोशी, मजुजाला हात लावून बोटे ओठांशी नेणे, मलिद्याचे एकच ताट, हे सगळे आपल्याला प्रिय. पण साथीत हातावाटेच रोग पसरू शकतो. समोरच्याने हात पुढे केला की ‘नको’ म्हणायला आपल्याला जड जाते. म्हणून गब्बाईंनीच सर्वांना जाहीर सांगावे: साथ संपेपर्यंत लांबूनच शालोम, मलिदा वेगवेगळ्या वाट्यांत. मग कोणाला वाईट वाटायचे कारण नाही.

डॉक्टर. म्हाताऱ्या माणसाला फ्लूत ताप येईलच असे नाही. एकदम अशक्तपणा, बोलण्यात गोंधळ, दम लागणे, ही खूण समजा. फ्लूवरचे औषध पहिल्या 48 तासांत सुरू केले तर जास्त गुण येतो. ‘शब्बाथ संपू दे, मग बघू’ म्हणू नका. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो, हा आपला धर्मच सांगतो. श्वास अडकत असेल तर लगेच 101 ला फोन करा.

दरवर्षीची फ्लूची लस कुपात होलिममध्ये घ्याच. नव्या विषाणूला ती पुरी पडणार नाही, पण एकाच वेळी दोन फ्लू अंगावर येण्याचा धोका कमी होतो.

आणखी एक. 1918 साली मुंबईत जूनमध्ये साथ शिरली, जरा ओसरली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त घातक होऊन परतली. तेव्हा पहिली लाट गेली म्हणून यादी फाडू नका.

या शुक्रवारी शब्बाथ शालोम म्हणायला फोन कराल, तेव्हा एवढेच विचारा: ‘मावशी, तुमच्या औषधांचा कागद फ्रिजवर लावलात का?’