मोटारीच्या रंगास पारदर्शक कवच : एका निर्णयाचा हिशेब

व्यापारी कुटुंबात एखादी मौल्यवान वस्तू घरी आली, की तिच्या किमतीची चर्चा एक दिवस चालते आणि तिच्या राखणीची चर्चा वर्षभर. गतवर्षी आमच्या पार्से येथील घरी असाच प्रसंग उद्भवला. माझ्या पुतण्याने स्वकमाईतून एक वापरलेली फोर्ड मस्टँग ही वेगवान क्रीडा-मोटार खरेदी केली. मोटार दारात उभी राहून आठ दिवस झाले नाहीत तोच, तिच्या संपूर्ण अंगावर पारदर्शक संरक्षक फिल्म चढवून घेण्याचा विचार त्याने बोलून दाखविला. त्यासाठी मिळालेला दर होता २,४०,००० रुपये. त्याच सुमारास आमच्या गोदामाच्या छपराचे पत्रे पावसाळ्यापूर्वी बदलणे निकडीचे झाले होते. त्यामुळे "रंगावर एवढा खर्च कशासाठी?" हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय रंगसाहित्याचा असल्याने निवाडा माझ्याकडे आला. मी पुतण्याला म्हणालो, "तू मोटारीचा धनी, मी रंगाचा व्यापारी. आपण दोघे मिळून आधी वस्तू समजून घेऊ. हो की नाही हे मागाहून ठरवू." त्या विचारविनिमयातून जे हाती आले, ते सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल या हेतूने येथे मांडीत आहे. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी लाखो रुपयांच्या मोटारी आहेत व हाच प्रश्न त्यांनाही विचारला जात आहे.

प्रथम रंगाचे स्वरूप पाहू. मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर प्रथम विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक लेप बसवितात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक वार्निशासारखा थर, ज्यास कारागीर क्लिअर कोट म्हणतात. हे सारे थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. क्लिअर कोट त्यातील ४० ते ५० मायक्रॉनच असतो, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. मोटारीची सारी झळाळी या थरावर अवलंबून असते आणि प्रत्येक वेळी पॉलिश करताना तो थोडाथोडा झिजत असतो.

आता फिल्मकडे वळू. चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन या लवचिक द्रव्याची असते. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे मोटारीच्या मूळ रंगाहून अधिक. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांची कडा वाळू व खडे यांच्या माऱ्याने झिजत असे. ती वाचविण्यासाठी अमेरिकेतील थ्री एम कंपनीने पॉलियुरेथेनची चिकट फिल्म तयार केली. पुढे ती शर्यतीच्या मोटारींवर व तेथून खासगी मोटारींवर आली. तिचे मूळ काम खड्यांचा आघात सोसण्याचे आहे, हे ध्यानी ठेवावे. शोभा हा तिचा आनुषंगिक गुण होय. वरच्या लेपावर उमटलेले बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने आपोआप भरून येतात, हेही खरे. परंतु खोल चीर भरून येत नाही, आणि पत्र्यास पोचा पडावयाचा असेल तर तो फिल्मखालीही पडतोच.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. सिरॅमिक कोटिंग या नावाने जो लेप विकला जातो, तो वेगळा. तो अत्यंत पातळ असतो. त्यावर पाणी ठरत नाही, धूळ सहज निघते, धुण्याचे श्रम वाचतात. मात्र खड्याचा मारा तो थोपवू शकत नाही. रेनकोट व चिलखत यांत जो भेद, तोच या दोहोंत आहे.

आता आपल्या प्रदेशाचा विचार करू. पेडणे तालुक्यातील लाल माती, चिऱ्यांची वाहतूक, मोरजी-मांद्र्याच्या बाजूने येणारी खारी हवा आणि पावसाळ्याचे चार महिने हे सर्व मोटारीच्या रंगाचे शत्रू आहेत. मोप येथील विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि या भागातील रस्त्यांवरील रहदारी वाढली. डिचोली भागात खनिजाची वाहतूक २०१२ व पुन्हा २०१८ साली थांबली होती. २०२४ पासून लिलाव झालेल्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले. अशा ट्रकांच्या मागून बसकी मोटार चालविणे म्हणजे खड्यांच्या माऱ्यात नाक पुढे करणे होय. त्यातच वेगाचा हिशेब असा की, वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटरला जो खडा टिचकी मारून जातो, तोच ताशी १२० ला रंगाचा टवका उडवितो.

परंतु सर्व शत्रू सर्व बाजूंनी येत नाहीत. खडे येतात ते समोरून. त्यांचा मारा पुढचा बंपर, बॉनेट, पुढच्या मडगार्डांच्या कडा, बाजूचे आरसे आणि मागच्या चाकापुढील खालची पट्टी येथे बसतो. टप, मागचे झाकण व दरवाजांचा वरचा भाग यांना खड्यांचे भय जवळजवळ नसते. तेथे त्रास होतो तो ऊन, पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक व धुताना पडणारे ओरखडे यांचा. त्यांवर उत्तर आहे सावली आणि स्वच्छता. काजूच्या हंगामात झाडाखाली मोटार उभी करू नये, विष्ठा दिसताच भरपूर पाण्याने धुवावी, आणि धुळीने माखलेल्या अंगावर कोरडे फडके कधीही फिरवू नये. या तीन गोष्टींना पैसे पडत नाहीत.

इतके समजल्यावर आम्ही प्रत्यक्ष मोटारीची परीक्षा केली. मी दुकानातील एक लोहचुंबक घेऊन गेलो. दरवाजास तो चटकन चिकटला. बॉनेटवरून मात्र घसरून खाली पडला. पुतण्या चकित झाला. बॉनेट व पुढची मडगार्डे अॅल्युमिनियमची, दरवाजे पोलादाचे आणि बंपर प्लॅस्टिकचा, असा हा संसार आहे. याचे व्यावहारिक महत्त्व असे की, बंपरवरील टवका केवळ दृष्टीस खुपतो, तेथे गंजण्यासारखे काही नसते. पोलादावरील टवक्याखाली तांबेरा धरतो. अॅल्युमिनियमला तांबेरा धरत नाही, पण खाऱ्या हवेत रंगाखाली पांढरी भुकटी धरून फोड येऊ शकतात.

त्यानंतर रंगाची जाडी मोजणारे यंत्र मागवून घेतले. बहुतेक भागांवर आकडा ११० ते १३० मायक्रॉन आला. उजव्या दरवाजावर मात्र २८० ! अर्थ उघड होता. तो दरवाजा पूर्वी कधीतरी पुन्हा रंगविलेला होता आणि विकणाऱ्याने ते सांगितले नव्हते. पुतण्याचा चेहरा उतरला. "काका, हे खरेदीपूर्वी तपासायला हवे होते," एवढेच तो म्हणाला. मी त्यास बोल लावला नाही. मालाची पारख न करता बयाणा देण्याची चूक मीही तरुणपणी केलेली आहे.

या आकड्याचा फिल्मशी निकटचा संबंध आहे. कारखान्यातील रंग भट्टीत उच्च तापमानास भाजलेला असतो व त्याची पकड घट्ट असते. दुरुस्तीच्या वेळी दिलेला रंग तितका पक्का असेलच असे नाही. कालांतराने फिल्म काढताना तिच्या चिकट द्रव्याबरोबर असा रंग पापुद्र्यासारखा निघून येण्याचा धोका असतो. आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे असेच झाले. फिल्म बसविणाऱ्याने पूर्वीच्या रंगकामाची चौकशी केली नव्हती, यांनीही सांगितले नव्हते; तीन वर्षांनी फिल्म काढली तेव्हा मडगार्डाचा तळहाताएवढा रंग तिच्याबरोबर निघाला. नव्याने रंगविलेल्या भागावर काही आठवडे जाऊ दिल्यावाचून फिल्म लावू नये, हाही नियम याच कारणास्तव आहे.

आता मुख्य हिशेब. पुतण्या ही मोटार चार वर्षे ठेवणार आणि वर्षास सुमारे ५,००० किलोमीटर चालविणार, असे त्याने सांगितले. आम्ही वहीवर तीन पर्याय मांडले. संपूर्ण फिल्म २,४०,००० रुपये, म्हणजे वर्षास पुरते ६०,००० आणि किलोमीटरमागे १२ रुपये. केवळ पुढील भागाची फिल्म ७२,००० रुपये, म्हणजे वर्षास १८,००० आणि किलोमीटरमागे ३ रुपये ६० पैसे. तिसरा पर्याय काहीच न लावण्याचा. चार वर्षांनी बंपर व बॉनेट पुन्हा रंगवून घ्यावयाचे. त्याचा आम्हास सांगितलेला खर्च ४०,००० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे अवघे २ रुपये.

केवळ आकडे पाहिले तर तिसरा पर्याय सर्वांत स्वस्त. मीही प्रथम त्याच बाजूस झुकलो होतो. परंतु पुतण्याने उत्तर दिले ते मला मान्य करावे लागले. तो म्हणाला, "काका, त्या दरवाजाचा आकडा पाहून तुमचा विश्वास उडाला ना? उद्या माझ्याकडून घेणाऱ्याचाही असाच उडेल." खरेच आहे. पुन्हा रंगविलेला भाग कितीही सुबक असो, घेणाऱ्याच्या मनात अपघाताची शंका येतेच. शिवाय फोर्डने भारतातील मोटार-उत्पादन बंद करण्याचे २०२१ साली जाहीर केले. अशा मोटारीचे सुटे भाग मिळविणे सोपे नाही. मूळ रंगाचे मोल ते हेच. दुसरा व तिसरा पर्याय यांतील अंतर वर्षास ८,००० रुपये. मूळ रंग राखण्याची ती किंमत होय, आणि ती त्यास परवडण्यासारखी होती. संपूर्ण फिल्मचे उरलेले १,६८,००० रुपये मात्र अशा भागांवर जाणार होते, जेथे खडा पोचतच नाही. त्यातच तो रंगविलेला दरवाजाही होता.

निर्णय झाला तो असा : बंपर, संपूर्ण बॉनेट, दोन्ही पुढची मडगार्डे, आरसे व मागच्या चाकापुढील पट्टी एवढ्यावरच फिल्म, दरवाजास हात लावावयाचा नाही. बॉनेटवर अर्धीच पट्टी लावण्याचा स्वस्त मार्ग आम्ही नाकारला, कारण तिच्या कडेशी आपली लाल धूळ साचून आडवी रेघ कायमची दिसत राहते.

हाच निर्णय सर्वांनी घ्यावा असे नाही. जो दररोज पेडण्याहून आंबोली घाटाने कोल्हापूरकडे जातो त्याचा हिशेब वेगळा; ज्याची मोटार आठवड्यातून एकदा देवळापर्यंत जाते त्याचा वेगळा. दोन वर्षांत विकावयाची असेल, अथवा रंगावर आधीच टवके पडले असतील, तर फिल्म न लावणेच श्रेयस्कर, कारण फिल्म दोष झाकत नाही, उलट आहे तसे जपून ठेवते.

ज्यांना लावावयाची आहे त्यांनी पुढील गोष्टी लेखी मागाव्यात. फिल्म पॉलियुरेथेनची की पीव्हीसीची? पीव्हीसी स्वस्त असते, पण उन्हात लवकर पिवळी व कडक होते. हमी किती वर्षांची व कशाची? बहुधा ती पिवळेपणा, तडे व सुटणाऱ्या कडा यांपुरती असते, खड्याने झालेल्या नुकसानीची नसते. फिल्म यंत्रावर आधी कापून आणणार की मोटारीवर ठेवून सुरीने कापणार? दुसऱ्या रीतीत कारागिराचा हात किंचित चुकला तरी रंगावर कायमची रेघ उमटते. काम बंद, धूळविरहित खोलीत होणार ना? नंतर मुदत संपताच ती काढण्याचा खर्च कोणाचा? जुनी होऊन कडक झालेली फिल्म काढणे हे कष्टाचे काम आहे.

व्यापारी बंधूंसाठी आणखी दोन सूचना. मोटार पेढीच्या नावे असली, तरी प्रवासी मोटार व तिची देखभाल यांवरील वस्तू व सेवा कराची वजावट २०१७ च्या कायद्यातील कलम १७(५) अन्वये सामान्यतः मिळत नाही; तेव्हा कर परत येईल असे धरून दर ठरवू नये, आपल्या लेखापालास विचारावे. तसेच किरकोळ टवक्यांसाठी विम्याचा दावा करू नये. सलग पाच वर्षे दावा न केल्यास स्वनुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. एका टवक्यापायी ती गमावणे शहाणपणाचे नव्हे.

पावसाळा संपल्यावर आम्ही मोटार पुन्हा तपासली. बॉनेटवरील फिल्मवर तीन लहान खळगे दिसले, खालचा रंग शाबूत होता. मागील झाकणावर, जेथे काही लावले नव्हते, तेथे एकही खूण नव्हती. गोदामाचे पत्रेही मे महिन्यातच बदलून झाले होते. त्या खर्चात पुतण्याने आपला वाटा आपण होऊन घातला. जेथे आघात होतो तेथे कवच घालावे, हा हिशेब त्यास मोटारीपुरता समजावून सांगावा असे मी ठरविले होते. छपराच्या बाबतीत तो मला सांगावा लागला नाही.