नायट्याला कोणतं मलम लावाल?

नवी मुंबईलगत पनवेल-उरणकडे भातलावणीत ओल्या कपड्यांमुळे जांघेत, कमरेला नायटा उठतो. ही बुरशी आहे. दुकानातल्या मलमानं दोन दिवसांत खाज थांबली म्हणजे नायटा गेला, असं समजू नका. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. त्यानं खाज दबते, पण बुरशी पसरते, कातडी पातळ होते. २०१८ पासून अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

नुसतं क्लोट्रिमॅझोल असलेलं मलम घ्या. अंग धुऊन, कोरडं करून, चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर अंतरापर्यंत दिवसातून दोनदा लावा. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे लावा. टॉवेल वेगळा ठेवा, कपडे उन्हात वाळवा. महिन्यात गुण आला नाही तर आरोग्य केंद्रात दाखवा.