भिंतीवरची काव आणि फायलीतला रंग

पेडणे तालुक्यातील मोरजी गावी मोरजाई देवीच्या मंदिरात कावी चित्रे पाहावयास मिळतात. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेला थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करावयाचा, अशी या कलेची रीत. रंग दोनच, पण त्यांत वेली, पक्षी आणि देवदेवता सामावतात. जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा एखाद्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला, की चित्र कायमचे जाते. मागे उरते ते कोणी टिपून ठेवले असल्यास एखादे छायाचित्र. म्हणूनच ते कोणत्या रंगपद्धतीत आणि कोणत्या प्रकारच्या फायलीत ठेवावे, हा प्रश्न केवळ छापखान्याचा राहत नाही. तो स्मृतिरक्षणाचा प्रश्न होतो.

रंग दोन मार्गांनी निर्माण होतो. संगणकाचा पडदा मुळात काळा असतो. त्यावर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळत गेल्याने रंग उमटतात. ही आरजीबी पद्धत होय. कागद मुळात पांढरा. त्यावरील शाई प्रकाशाचा काही अंश शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांची ही सीएमवायके पद्धत. पडद्यावरील झळझळीत हिरवा वा गडद निळा या चार शायांच्या आवाक्यात येत नाही, म्हणून स्मरणिकेत तो मलूल दिसतो. हा नेहमीच मुद्रकाचा दोष नसतो. मूळ प्रत आरजीबीमध्येच राखावी आणि छापखाना व कागद निश्चित झाल्यावर, त्यांना अनुरूप असे रूपांतर शेवटी करावे. एकदा आटलेले रंग उलट रूपांतराने परत येत नाहीत. मजकूर मात्र केवळ काळ्या शाईत असावा. चार शायांत छापलेले बारीक देवनागरी अक्षर, शाया केसभर सरकल्या तरी, अनुस्वार आणि रफार यांपाशी धूसर होते.

आता फायलींचा विचार. १९९२ साली प्रमाणित झालेला जेपेग हा प्रकार चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील वगळतो. त्यामुळे फाईल लहान होते. पण दुरुस्ती करून पुन्हापुन्हा जतन केल्यास प्रत्येक वेळी थोडी झीज होते. कावीची धारदार रेघ ही अशा झिजेचे पहिले भक्ष्य. म्हणून जतनासाठी काहीही न वगळणारा टिफ, पडद्यावरील आकृत्यांसाठी पीएनजी, पाठविण्यासाठी जेपेग आणि छापखान्यासाठी टंक अंतर्भूत केलेला पीडीएफ, अशी विभागणी करावी. टंक सोबत नसतील तर दुसऱ्या संगणकावर आपली जोडाक्षरे मोडतात. पूर्ण पानाच्या ए-५ चित्रासाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर सुमारे १७४८ गुणिले २४८० बिंदू लागतात.

चित्रफितीची गोष्ट थोडी निराळी. तिला शाईशी कर्तव्य नाही. ती उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदविते. नेहमीच्या पद्धतीत उजेड प्रत्येक बिंदूचा, पण रंग मात्र चार बिंदूंमागे एकदाच नोंदला जातो. रात्रीच्या दशावतारात लाल वस्त्राची कड पसरट दिसते, ती पुष्कळदा यामुळेच. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ वा ५० चौकटी ठेवाव्यात. अन्यथा दिव्यांची लुकलुक चित्रात उतरते. एमपी४ ही केवळ पेटी आहे. आत कोणते संक्षेपण आहे तेही पाहावे. वाटपासाठी एच.२६४ योग्य, संपादनासाठी कमी संक्षेपाची प्रत घ्यावी आणि कॅमेऱ्यातील मूळ फाईल पुसू नये.

साधनाची निवड आधी तपासावी लागते, हा धडा जुनाच आहे. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत केला. त्याच्या प्रती जर्मनीत तयार झाल्या, तरी रंग मनाजोगे उतरले नाहीत. चित्रणाचे कौशल्य होते. पण रंग अखेर प्रक्रियेच्या स्वाधीन होते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांनी पेडणे वा डिचोली येथील एखादी जुनी भिंत टिपताना चौकटीच्या कोपऱ्यात एक करडे कार्ड जरूर ठेवावे, म्हणजे तांबड्याची खरी छटा पुढेही ठरविता येईल. सोबत गाव आणि तारीख लिहावी, आणि मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवावी. संदेशातून फिरून आलेली प्रत ही मूळ नव्हे. वाटेत ती बहुधा लहान झालेली असते. भिंत उभी आहे तोवर चुकलेले छायाचित्र पुन्हा घेता येते. ती गेल्यावर आपण निवडलेली फाईल हीच भिंत.