बहिर्जी नाईक

बहिर्जी नाईक : (सतरावे शतक). छत्रपती शिवाजी महाराजांच्या हेरव्यवस्थेचा प्रमुख. त्याच्या जन्माचे व मृत्यूचे वर्ष उपलब्ध नाही. मराठी राज्याच्या उभारणीत शत्रूची बातमी वेळेवर व अचूक मिळण्याला जे महत्त्व होते, त्यामुळे त्याचे नाव अफजलखान-वधापासून आग्र्याहून सुटकेपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगाशी जोडले गेले आहे. तथापि विश्वसनीय साधनांत त्याचे उल्लेख मोजकेच असल्यामुळे त्याच्या कामगिरीची व्याप्ती हा इतिहासलेखनातील वादाचा विषय झाला आहे.

बहिर्जीविषयी सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद याची बखर होय. ती सतराव्या शतकाच्या अखेरीस, छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिली गेली. सभासद हा शिवकाल पाहिलेला माणूस असल्याने त्याच्या कथनाला वजन आहे. तो बहिर्जीचा निर्देश ‘जासूद’ असा करतो. जासूद या शब्दात त्या काळी निरोप्या आणि हेर हे दोन्ही अर्थ सामावलेले होते. पत्र पोहोचविणारा माणूस वाटेतील चौक्या, घाट, पाणवठे व फौजांचे तळ पाहून येई आणि पत्रात नसलेली बातमी तोंडी सांगे. ‘नाईक’ हे उपपद नेतृत्वाचे दर्शक असून पायदळातील सर्वांत लहान तुकडीच्या प्रमुखासही ते लावीत.

सुरतेची मोहीम हा बहिर्जीच्या कारकीर्दीतील पहिला ठळक प्रसंग होय. शायिस्ताखानाच्या स्वारीमुळे १६६० ते १६६३ या काळात पुणे प्रांत उद्ध्वस्त झाला होता व खजिन्याला द्रव्याची निकड होती. सुरत मारल्यास अगणित द्रव्य मिळेल, ही बातमी बहिर्जीने आणली, असे सभासद सांगतो. मोगलांच्या या सर्वांत श्रीमंत बंदराला त्या वेळी भक्कम तट नव्हता आणि शिबंदीही अपुरी होती. ६ जानेवारी १६६४ रोजी मराठी फौज शहरासमोर येताच सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. १० जानेवारीपर्यंत चाललेल्या लुटीत विरजी व्होरा व हाजी सैद बेग यांसारख्या कोट्यधीशांच्या वाड्यांवर थेट हल्ले झाले. फ्रेंच प्रवासी फ्रांस्वा बेर्न्ये याच्या वृत्तांतानुसार कॅप्युचिन धर्मगुरू अँब्रोझ यांच्या मठाला आणि डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाच्या घराला मात्र, तो दलाल दानशूर होता म्हणून, धक्का लावण्यात आला नाही. कोणते घर घ्यावयाचे व कोणते सोडावयाचे, याची माहिती अगोदरच गोळा झालेली होती, असे यावरून अनुमान करता येते.

अशीच अचूकता वऱ्हाडातील स्वारीतही दिसते. ऑक्टोबर १६७० मधील सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर त्याच वर्षाच्या अखेरीस मराठी फौज खानदेश ओलांडून वऱ्हाडात उतरली व तिने कारंजा (सध्याचा वाशिम जिल्हा) ही समृद्ध पेठ लुटली. लूट सुमारे एक कोटीची होती व ती वाहून नेण्यास चार हजार बैल व गाढवे लागली, असे सांगतात. रिद्धपूरसारखी क्षेत्रे व कारंज्यासारख्या बाजारपेठा यांमुळे या प्रांतात यात्रेकरू, साधू, फकीर व व्यापारी यांची नित्य ये-जा असे. वेषांतर केलेल्या हेराला अशा वर्दळीत मिसळून जाणे सोपे होते. या स्वारीच्या संदर्भात बहिर्जीचे नाव येत नसले, तरी मोगली मुलखात इतक्या आत जाऊन परतणे पूर्वमाहितीवाचून शक्य नव्हते.

बहिर्जीच्या कौशल्याची खरी कसोटी १६७९ मध्ये लागली. विजापूरवर चालून गेलेल्या दिलेरखानाला शह देण्यासाठी महाराजांनी नोव्हेंबरमध्ये जालना लुटले. परतीच्या वाटेवर रणमस्तखानाने फौजेला गाठले. झालेल्या लढाईत सिधोजी निंबाळकर मारला गेला व पुष्कळ हानी झाली. मागून मोगलांची कुमक येत असता बहिर्जीने आडवाटांनी, तीन दिवस व तीन रात्री अखंड चालवून, महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणले. पुढे या किल्ल्यास विश्रामगड हे नाव पडले. या प्रसंगी राज्याचे भवितव्यच एका वाटाड्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

बहिर्जीच्या अधिकाराचे नेमके स्वरूप हा वादाचा पहिला मुद्दा होय. आधुनिक लेखक त्याला ‘हेरखात्याचा प्रमुख’ म्हणतात. परंतु १६७४ च्या राज्याभिषेकसमयी सिद्ध झालेल्या अष्टप्रधानमंडळात हेरप्रमुखाला स्वतंत्र स्थान नव्हते. मोगलांकडे वाकेनवीस, सवानिहनिगार, खुफियानवीस व हरकारे अशी लेखी अहवालांची श्रेणीबद्ध व्यवस्था होती. मराठी पद्धत त्या मानाने लहान, तोंडी व राजाशी थेट बांधलेली दिसते. तीमुळे गुप्तता राहिली. पण लेखी पुरावा मात्र मागे उरला नाही. त्यातच १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला व तेथील दप्तराचा बहुतेक भाग नष्ट झाला. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा सचिव सर फ्रान्सिस वॉल्सिंगॅम (सु. १५३२–९०) याच्या हेरगिरीचा अभ्यास त्याच्या पत्रव्यवहारावरून करता येतो, बहिर्जीच्या बाबतीत ती सोय नाही.

दुसरा मुद्दा सुरतेच्या पूर्वपाहणीचा आहे. १६६६ मध्ये सुरतेस आलेला फ्रेंच प्रवासी झां द तेव्हनो याने, शिवाजी महाराज स्वतः फकिराच्या वेषात शहर पाहून गेले होते, असे ऐकीव वृत्त नोंदविले आहे. सभासद या कामाचे श्रेय बहिर्जीला देतो. राजाने एवढा धोका पत्करणे संभवनीय वाटत नाही. फकिराच्या वेषातील हेराची हकीकत लोकांच्या तोंडी राजाच्याच नावावर जमा झाली असावी, असा तर्क करता येतो. मात्र तो तर्कच होय.

तिसरा वाद नैतिक स्वरूपाचा आहे. महाराजांच्या छावणीत कैदेत असलेल्या अँटनी स्मिथ या इंग्रज नोकराने तेथे कैद्यांचे हात तोडल्याचे पाहिले, असे इंग्रजी कागदपत्रांत नमूद आहे. बहिर्जीने आणलेल्या माहितीमुळे राज्याच्या खजिन्यात द्रव्य आले, तसेच सुरतेतील अनेक घरांवर संकटही कोसळले. इनायतखानाच्या वकिलाने भेटीच्या मिषाने महाराजांवर केलेला प्राणघातक हल्ला, मोगल फौजांनी मराठी मुलखाचा केलेला विध्वंस आणि युद्धाचे तत्कालीन संकेत ध्यानात घेऊनच या घटनांचे मूल्यमापन करावे लागते. परंतु हेराच्या कर्तबगारीचे वर्णन करताना तिची ही बाजू वगळणे इतिहासाला धरून होणार नाही.

बहिर्जीचे आडनाव, समाज व मृत्यू यांविषयीही मतभेद आहेत. काही लेखक त्याचे आडनाव जाधव देतात, तर लोकपरंपरा त्याला रामोशी समाजातील मानते. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील बाणूरगड ऊर्फ भूपाळगड येथे त्याची समाधी दाखवितात. हा किल्ला दिलेरखानाने एप्रिल १६७९ मध्ये घेतला. त्या लढाईत बहिर्जी पडला असे मानल्यास, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील जालन्याच्या प्रसंगाशी त्याचा मेळ बसत नाही. सभासदाचे कथन ग्राह्य धरल्यास त्याचा मृत्यू त्यानंतरचाच ठरतो.

उत्तरकालीन बखरी, कादंबऱ्या, नाटके व चित्रपट यांनी बहिर्जीला बहुरूपी, वासुदेव, गोंधळी अशा नाना वेषांत उभे केले. पक्ष्यांच्या बोलीतून संदेश देण्याच्या कथाही प्रचलित आहेत. आधुनिक राज्यात गुप्तवार्ता संस्थेचा प्रमुख शासनाला उत्तरदायी असतो व त्याच्या निर्णयांची कालांतराने तरी कागदोपत्री चिकित्सा होऊ शकते. बहिर्जीचा काळ त्याआधीचा होता. त्याचे उत्तरदायित्व एका राजापुरते होते आणि त्याचे यश नोंद मागे न ठेवण्यातच होते. सुरत व पट्टा येथील दोन प्रसंग एवढीच त्याच्या चरित्राची भक्कम सामग्री असली, तरी मराठी राज्याच्या जलद हालचालींमागे असलेल्या अनेक अनामिक जासुदांचा प्रतिनिधी म्हणून त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.