तारली काय खाते आणि तारलीला कोण खातं

पुढच्या वेळी आपण तारली साफ करायला घ्याल, तेव्हा तिचा कल्ला उचलून पाहा. लाल झालरीच्या आत, तोंडाच्या बाजूला केसांएवढे बारीक काटे दाटीने बसलेले दिसतील. तोंड उघडं ठेवून पोहायचं, पाणी कल्ल्यांतून बाहेर सोडायचं आणि काट्यांत अडकेल ते गिळायचं, हा तिचा जेवणाचा खाक्या. शेजारी सुरमईचा जबडा धरलात की फरक लगेच कळेल.

काट्यांत अडकतं ते मुख्यतः वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती. प्लवक तारली खाते. तारलीला सुरमई, कुपा, मोरी, डॉल्फिन, समुद्रपक्षी आणि आपण. पण प्लवकावर बांगडाही जगतो आणि सुरमई बांगडाही सोडत नाही. म्हणून याला अन्नसाखळीपेक्षा अन्नजाळं म्हणणं बरं. एका पायरीवरचं अन्न वरच्या पायरीपर्यंत साधारण दहावा हिस्साच पोचतं. किलोभर सुरमईमागे अदमासे दहा किलो तारली आणि शंभर किलो प्लवक लागतं. तेव्हा हिशेब खालून वर मांडू.

प्लवकाला ऊन लागतं आणि खत लागतं. ऊन वर, खत खाली, ही समुद्राची मूळ अडचण. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगत वारा वरचं पाणी खोल समुद्राकडे लोटतो आणि त्याच्या जागी तळाचं गार, खतावलेलं पाणी वर येतं. या क्रियेला अपवेलिंग म्हणतात. प्लवक माजतं ते तेव्हा, आणि तारली अंडी घालते तीही त्याच सुमारास.

आता हवामानबदल. इथे बहुतेकांची एक चूक होते: पाणी तापलं म्हणजे मासे उकाड्याने मेले, असं वाटतं. तसं क्वचितच होतं. घंगाळात गार पाण्यावर कढत पाणी हलकेच ओतलं आणि ढवळलं नाही, तर वर चटका बसतो आणि खाली गारच राहतं. समुद्राचंही तेच होतं. वरचा थर तापून हलका झाला की तळाशी मिसळेनासा होतो. खत खालीच अडकतं आणि प्लवक उपाशी राहतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी कोल यांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये दाखवून दिलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती-प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटलं आहे.

दुसरी गोम वेळेची. प्लवकाचा बहर पुढेमागे झाला, तर अंड्यातून निघालेल्या पिल्लांना ऐन भुकेच्या दिवसांत खायला नसतं. वर्षभराचं प्लवक मोजाल तर भरपूर भरेल, तरी पिल्लं गेलेलीच असतील.

तिसरी प्राणवायूची. तळातून येणाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी असतो. गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाशी तो जवळपास संपतो, हे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने नोंदवलेलं आहे. अशा वेळी तळाची मासळी तिथून हलते.

घटलेल्या प्लवकाची जागा रिकामी मात्र राहत नाही. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव आता डायटमच्या, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या प्लवकाच्या, जागी माजू लागला आहे. कोकणात रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा बघायला गर्दी होते, त्यांच्यामागे बहुधा हाच असतो. दिसायला देखणा, पण तो खाणारे थोडेच: जेलीफिश आणि तसलेच काही पारदर्शक जीव. त्यांना मच्छीमाराच्या जाळ्यात किंमत नाही.

अन्नजाळ्याच्या वरच्या टोकाला आपण स्वतः कात्री चालवलेली आहे. मोरीला वयात यायला वर्षं लागतात आणि एका वेळी मोजकीच पिल्लं होतात. एकदा उपसली की ती लवकर भरून येत नाही. आणि ती ज्यांना खायची, त्यांच्यावरचा धाकही तिच्याबरोबर जातो.

या सगळ्याचे परिणाम मासळीच्या ताळेबंदात शोधताना एकाच वर्षाचा आकडा धरून बसू नका. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती, २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन. 'तारली संपली' अशी ओरड झाली. २०२३ मध्ये ती पुन्हा लाख टनांवर गेली. दोन-अडीच वर्षं जगणाऱ्या माशाचं असंच असतं, पटकन पडतो आणि पटकन उठतो. शिवाय तो जागाही बदलतो. पूर्वी होन्नावरच्या उत्तरेला तारली फारशी मिळत नसे, आता महाराष्ट्रातही जाळ्यांत येते. केरळच्या बोटवाल्याला तूट दिसते, रत्नागिरीच्या बोटवाल्याला बरकत, समुद्र एकच.

टनांपलीकडे माशाची अंगलटही पाहायला हवी. २०२४ च्या पावसानंतर केरळात तारलीची पिल्लं उदंड झाली, पण खाणारी तोंडं वाढली तसं प्लवक वाढलं नाही. बाजारात ढीग लागले ते हडकुळ्या, बोटभर माशांचे. भाव पडला आणि तव्यावर टाकली तर तेलही सुटेना.